बंदीच्या आदेशाची ने-आण

वॉकर तीन महिन्यांच्या बोलीवर मिळाला होता. केंद्रात त्या मापाचे वॉकर दोन आणि त्या मापाची मुलं अकरा, तेव्हा बोली कडक होती. थेरपीच्या ताईंनी ती भिंगरीच्या आईला दोनदा सांगितली, कारण पहिल्या वेळी आई नुसती मान डोलावत होती आणि मान डोलावणाऱ्या आया ताईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या.

"तिसऱ्या महिन्यात रोज साठ मिनिटं. स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या मर्जीनं. तुम्ही तिचा पाय धरून वाकवलात, सरळ केलात, ते चांगलंच आहे, पण ते मी तुमच्या नावावर धरते. कडेवर घेऊन जिना चढलात तर तो व्यायाम तुमचा."

"आणि एखाद्या दिवशी कमी भरलं तर?"

"तर वॉकर यादीतल्या पुढच्या मुलाचा. भरलं, तर मापात बसेल तोवर हिचा." आणि ताईंनी चोवीस चौकोनांचा एक कागद आईच्या हातात दिला. दर कामाच्या दिवसाला एक चौकोन.

भिंगरी चार वर्षं दहा महिन्यांची. हे नाव बापानं ठेवलं होतं, कारण पाळण्यात असताना ती दोन्ही हात पंख्यासारखे फिरवायची. पुढे सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं. पाय ताठ, टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत, चालताना गुडघे एकमेकांवर आपटायचे. तेव्हापासून लोक तिचं नाव घेताना अडखळू लागले. बाप अडखळला नाही. तो दुपारपाळीला जायचा आणि रात्री परत आला की झोपलेल्या पोरीला 'भिंगरे' म्हणून हाक मारून उठवायचा, त्यावरून घरात भांडण व्हायचं.

पहिले दोन महिने बालवाडी सुटली की भिंगरी आत्याकडे असायची. आत्याचं प्रेम मोठं, पण त्यात हालचालीला जागा नव्हती. पोरीनं पाण्याकडे नुसतं बघितलं की पेला तिच्या ओठाशी. खेळणं लांब गेलं की आत्या उठून ते आणायची आणि वर त्या खेळण्यालाच रागवायची. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आईनं हिशोब घातला: दिवसाची हालचाल अकरा मिनिटं, आणि त्यातली चार आत्याच्या हातातल्या घासापासून लांब पळण्यात गेलेली.

घरी तर प्रश्नच नव्हता. खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भिंगरीच्या सात पावलांची. आठवं टाकायचं तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात.

लांब जागा आईच्या माहितीत एकच होती, तिचं कार्यालय. मालक बदलला किंवा वारला की पाण्याच्या जोडणीवरचं नाव बदलून देणारं ते कार्यालय. एका लांबलचक दालनात पाच टेबलं एकामागोमाग एक. पहिलं आवक, तिथे आई बसायची. मग छाननी, मग रेकॉर्ड, मग हेडक्लार्क मोठ्या बाईंचं, आणि टोकाला अर्ध्या काचेच्या केबिनमध्ये साहेब. टोकापासून टोकापर्यंत मोठ्या माणसाची बेचाळीस पावलं. अर्ज हे अंतर सरासरी तीन आठवड्यांत कापायचा.

तिसरा महिना लागला तसा बाप दुपारपाळीला जाता जाता भिंगरीला बालवाडीतून तिथे आणून सोडू लागला.

"हे ऑफिस आहे, पाळणाघर नाही," मोठ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"पाळणा नाही आणलेला, बाई. वॉकर आहे."

"जीभ फार चालायला लागलीय तुझी."

"घरात कुणाचं तरी काही चालू दे," आई म्हणाली. मोठ्या बाईंनी चष्मा पुसायला घेतला. लहान मुलांना आत आणू नये असा लेखी नियम त्यांना सापडला नव्हता, आणि लेखी नसलेला नियम बजावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आईनं आपल्या सवयीप्रमाणे मुलीच्या नावानं हालचाल नोंदवही उघडली. शंभर पानी, आखलेली. कुठून निघाली, कुठे पोचली, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, शेरा. पहिल्या पानावरची पहिली नोंद अशी होती: आवक टेबल ते भिंत, सहा मिनिटं, शेऱ्याच्या रकान्यात 'बसली.'

बसली, कारण तिला कारण सापडेना. तिनं आईला विचारलं, "कुठं जायचंय?"

"त्या टोकाला."

"तिथं काय आहे?"

"काही नाही. चालायचं नुसतं."

"मग तू जा," भिंगरी म्हणाली.

दालनाच्या दाराशी शिपाईकाका स्टुलावर बसलेले असत. फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेणं हे त्यांचं काम, आणि त्यांचा उजवा गुडघा हे त्या कार्यालयाच्या गतीमागचं एक प्रमुख कारण. त्यांनी हे बोलणं ऐकलं आणि मांडीवरची फाईल पुढे केली.

"ए बाई, ही त्या टकलू काकांकडे देतेस का? त्यांची सही पाहिजे."

"तुम्ही का नाही नेत?"

"नेतो की. गुरुवारी."

भिंगरीनं फाईलकडे बघितलं, टकलाकडे बघितलं. वॉकर पाठीमागून ओढायचा होता. मागच्या दांडीला आईची कापडी पिशवी अडकवली, तिच्यात फाईल टाकली आणि ती निघाली. एक पाय, गुडघ्याला गुडघा, दुसरा पाय, चाकांची करकर.

"आणि सही घेऊनच ये हं," शिपाईकाका मागून म्हणाले. त्या एका वाक्यानं कार्यालयाची घडी विस्कटली.

टकलू काका, म्हणजे छाननीवाले, चहा पीत होते. त्यांनी फाईल पिशवीतून काढून ढिगावर ठेवली आणि शाबासकी दिली. भिंगरी हलली नाही.

"काय गं?"

"सही."

"करतो ना. तू जा."

"घेऊनच ये म्हणाले."

"मग बस त्या खुर्चीवर."

"बसलं की मोजत नाहीत."

ती उभी राहिली. मिनिटाभरात तिचे पाय थरथरायला लागले. चेहऱ्यावर तक्रार नव्हती, ती फक्त त्यांच्या पेनाकडे बघत होती. दुसऱ्याचे पाय थरथरत असताना माणसाला चहाचा घोट नीट घेता येत नाही. छाननीवाल्यांनी फाईल उघडली. त्यांच्या लक्षात आलं की तिच्यात छाननी करण्यासारखं काही नव्हतंच. मृत्यूचा दाखला होता, वारस एकटाच होता. त्यांनी सही केली. पुढे रेकॉर्डवाले काका, मग मोठ्या बाई, मग साहेब. नुसत्या चालण्याला नऊ मिनिटं लागली आणि चार सह्यांना चौदा. भिंगरी परत आली तेव्हा शिपाईकाका अजून गुडघ्याला तेल चोळत होते.

त्या दिवशी चौकोनात बासष्ट मिनिटं गेली, दुसऱ्या दिवशी सत्तर. भिंगरीला आता चालायचं नव्हतं, तिला पोचवायचं होतं. त्या दोन गोष्टींतला फरक थेरपीच्या ताई वर्षभर आयांना समजावत होत्या. वाटेत ती पडलीही, तीनदा. पडली की आई खुर्चीतून अर्धी उठायची आणि नोंदवहीत वेळ लिहायला पुन्हा बसायची. एकदा रेकॉर्डवाले काका उचलायला धावले तर भिंगरीनं त्यांना झापलं, "हात नका लावू, मिनिट जाईल." काका परत जाऊन बसले.

अकराव्या दिवशी तुंबलेली दोनशे चौदा प्रकरणं संपली. दुपारी तीननंतर कार्यालयात काम उरेना. ही फार वाईट गोष्ट असते. छाननीवाल्यांनी कपाट आवरायला काढलं आणि त्यात त्यांना पाच वर्षांपूर्वी हरवलेला स्वतःचा स्वेटर सापडला. रेकॉर्डवाले काका आणि छाननीवाले बावीस वर्षं शेजारी बसत होते. आता वेळ मिळाल्यावर ते एकमेकांशी बोलले, आणि आपलं पटत नाही हे दोघांच्याही पहिल्यांदा लक्षात आलं. मोठ्या बाई येता-जाता म्हणत, "हे काही खरं नाही."

त्या अकराव्या दिवशीच दुपारी एक गृहस्थ आले. आठ महिने ते दर सोमवारी यायचे, खिडकीशी उभे राहायचे, सगळ्यांची विचारपूस करायचे आणि जायचे. आईनं त्यांच्या हातात कागद ठेवला.

"हे काय?"

"तुमचं काम झालं. जोडणी तुमच्या नावावर."

त्यांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. "कधी झालं?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

"आज? म्हणजे बघितलं कुणी नीट, की नुसतं दिलं?"

"चार सह्या आहेत, काका."

"तेच म्हणतो मी. एका दिवसात चार सह्या." ते कागद घेऊन गेले, पण समाधान घेऊन गेले नाहीत. घरी बायकोनं विचारलं असणार, आणि त्यांना सांगता आलं नसणार. त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं की आपलं काम संशयास्पदरीत्या झालं आहे.

अठराव्या दिवशी वरून पत्र आलं. एवढ्या प्रकरणांचा निपटारा इतक्या कमी दिवसांत झाला, याअर्थी छाननी नीट होत नसावी. सबब खुलासा करावा, आणि खुलासा मान्य होईपर्यंत एकही प्रकरण हलवू नये.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. ते मवाळ माणूस होते. निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांच्या पोटात दुखायचं, आणि एवढ्या नोकरीत ते पोट फार क्वचित दुखलं होतं. त्यांनी मोठ्या बाईंना बोलावलं. मोठ्या बाईंच्या पोटात असं काही होत नसे. त्यांनी उभ्या उभ्या मसुदा सांगितला: कार्यालयात फायलींची ने-आण अधिकृत शिपायाखेरीज अन्य व्यक्तीनं, विशेषतः चाकांच्या साधनासह, करू नये, अशा व्यक्तीस दालनात प्रवेश देऊ नये.

"पण ती लहान आहे हो, बाई," साहेब म्हणाले.

"वय लिहिलेलंच नाही साहेब मी. नियमात वय आणलं की दया येते."

एकोणिसाव्या दिवशी मसुदा आवक टेबलावर आला. आईनं तो वाचला. आणखी सहा चौकोन रिकामे होते. आत्याकडे पाठवलं तर अकरा मिनिटं, घरी सात पावलं, आणि यादीतला पुढचा मुलगा तिनं केंद्रात पाहिलेला होता. त्याचं आणि भिंगरीचं माप एकच होतं. तिनं सुवाच्य अक्षरात आवक क्रमांक घातला, कारण आपल्या मुलीच्या विरुद्धचा कागद आहे म्हणून अक्षर बिघडवणाऱ्यांतली ती नव्हती. मग तिनं फाईल शिपाईकाकांपुढे धरली.

"मला नाही जमायचं," शिपाईकाका म्हणाले.

"गुडघा?"

"गुडघा बरा आहे. पण ही बंदी आली तर काम माझ्याकडे परत येणार. म्हणजे यात माझा हितसंबंध झाला. मी हात लावला तर उद्या कुणी म्हणेल, यानंच घाई केली."

मोठ्या बाईंना विचारलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि नाइलाजानं म्हणाल्या की आदेशावर सही होईपर्यंत चालू पद्धत बदलता येत नाही. बदलायची तर त्यासाठी वेगळा आदेश लागेल, आणि तोही कुणीतरी न्यावा लागेल. प्रकरणं हलवायला मनाई होती, पण आदेशाचा मसुदा हे प्रकरण नव्हतं. म्हणून कार्यालयातली हलू शकणारी एकमेव फाईल भिंगरीच्या पिशवीत पडली.

"ह्याच्यात काय लिहिलंय?" भिंगरीनं शिपाईकाकांना विचारलं.

"तुला फायली न्यायला बंदी."

तिनं जरा विचार केला. "मग ही कोण नेणार?"

"तूच."

"बरं," म्हणाली आणि निघाली.

छाननीवाल्यांनी फाईल उघडली. अठरा दिवसांत त्यांना पहिल्यांदाच छाननी करण्याजोगं काही मिळालं होतं. त्यांनी लिहिलं, 'चाकांचे साधन म्हणजे दोन चाकी की चार चाकी, स्पष्ट व्हावे. चार चाकी असल्यास वाहन समजावे काय?' आणि फाईल परत आवककडे. आईनं लिहिलं, 'चार.' परत छाननी. तिथून रेकॉर्ड. रेकॉर्डवाल्या काकांनी लिहिलं, 'यापूर्वी अशी बंदी घातल्याचा दाखला आढळत नाही. छाननी टेबलाचा शेराही वाचता येत नाही.' फाईल मागे. छाननीवाल्यांनी तोच शेरा मोठ्या अक्षरात लिहिला आणि खाली आणखी एक ओळ जोडली, जी काकांना लागावी म्हणूनच लिहिलेली होती. काकांना ती लागली. त्यांनी पाऊण पान उत्तर दिलं. साहेबांनी 'चर्चा करावी' असा शेरा मारला, पण कुणी कुणाशी करावी ते लिहिलं नाही, म्हणून फाईल ते विचारायला पुन्हा निघाली.

यात कुणाची दया होती असं म्हणायला पुरावा नाही. कुणी कुणाला डोळा मारला नाही की भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. ही माणसं आयुष्यभर हेच करत आली होती. एवढंच की पूर्वी शेरा मारून फाईल तीन आठवडे झोपायची, आता ती समोर उभी राहायची आणि तिचे पाय थरथरायचे.

एकोणिसावा दिवस त्रेसष्ट मिनिटं. विसावा अडुसष्ट. एकविसाव्याला मोठ्या बाईंनी स्वतःच्याच मसुद्यात शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या, एकाहत्तर. बाविसाव्या दिवशी वॉकरच्या करकरीमुळे कामात व्यत्यय येतो का यावर प्रत्येक टेबलाचं मत मागवलं गेलं आणि शिपाईकाकांनी, हितसंबंध बाजूला ठेवून, चाकांत तेल घातलं. तेविसावा पासष्ट.

चोविसाव्या दिवशी मात्र माणसं दमली. सगळ्या शंका विचारून झाल्या होत्या, सगळ्यांची उत्तरं मिळाली होती. छाननीवाल्यांनी शेवटी 'सादर' एवढंच लिहिलं, आणि रेकॉर्डवाल्या काकांनी 'सहमत', जे त्यांनी छाननीवाल्यांच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. फाईल आता एवढी फुगली होती की पिशवी भिंगरीच्या टाचेला लागत होती.

पाचला वीस मिनिटं कमी असताना ती साहेबांच्या केबिनमध्ये पोचली. आईच्या नोंदवहीत एक्कावन्न मिनिटं झाली होती. आई बेचाळीस पावलं लांब होती, तिला अर्ध्या काचेतून फक्त मोठ्या बाईंचा अंबाडा दिसत होता. तो हलत नव्हता. आईनं पेन खाली ठेवलं, परत उचललं.

साहेबांनी पोटावर हात ठेवला. "करूनच टाकू आता, बाई."

"करा. पान मी काढून देते." मोठ्या बाईंनी फाईल उचलली. उचलताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी शेवटच्या पानाचा क्रमांक बघितला. "एकशे बारा."

"मग?"

"शंभराच्या वर पानं गेली की भाग दुसरा उघडावा लागतो, साहेब."

"आज सही करतो. उद्या उघडा."

"सहीचं पान एकशे बारावं. म्हणजे ते भाग दोनमध्ये जाणार. भाग दोनला आवक क्रमांक नाही. क्रमांक नसलेल्या भागात तुम्ही सही केलीत तर ती हवेत राहील." मोठ्या बाई हे बोलल्या आणि मध्येच थांबल्या. आपण काय बोलतोय ते त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी भिंगरीकडे बघितलं. भिंगरी टेबलाच्या कडेला धरून उभी होती, तोंड लाल, पायांत थरथर. मोठ्या बाईंना हे आदेशाचं पान गेले सहा दिवस हवं होतं. एक चुकार सही, त्यांच्या शब्दावर, आणि संपलं असतं.

"बाई?" साहेबांनी पेन वर धरलं होतं.

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "असं नाही करता येत." त्यांनी टॅग सोडला, शेवटची बारा पानं वेगळी काढली, नवा पुठ्ठा लावला, वर 'भाग दोन' लिहिलं आणि फाईल पिशवीत टाकली. मग घड्याळ बघितलं. पाचला तेरा मिनिटं कमी. "आवक पाचपर्यंत उघडं असतं. जा."

"हलकी आहे ही," भिंगरी म्हणाली.

"मग लवकर जा."

"लवकर नाही जाता येत मला."

"ठाऊक आहे. बोलण्यात वेळ नको घालवू."

भिंगरी निघाली. मोठ्या बाईंच्या टेबलाशी तिचा डावा पाय उजव्यावर चढला. ती वॉकरला रेलली, तिनं पाय सोडवून घेतला. रेकॉर्डवाल्या काकांनी खुर्ची आत ओढून वाट रुंद केली आणि कपाटाकडे तोंड करून बसले. छाननीवाले घरी जायला उठले होते. डबा हातात घेऊन ते तिच्या मागे थांबले, कारण पुढे जायचं तर तिला ओलांडावं लागलं असतं. त्यांच्यामागे आणखी दोघं थांबले. पाच वाजायला आले असताना त्या दालनात घरी जाणाऱ्यांची रांग एका पोरीच्या वेगानं चालत होती आणि कुणी घसा खाकरला नाही.

आईनं पिशवीतून फाईल काढली. पोचल्याची वेळ लिहिली, निघाल्याची शिपाईकाकांनी स्टुलावरून ओरडून सांगितलेली होतीच. वजाबाकी केली. नऊ. एक्कावन्नात मिळवले. मग चोविसावा चौकोन भरला आणि त्याच्यावर तळहात दाबून धरला, शाई वाळायची होती म्हणून नव्हे.

"आली का फाईल?" केबिनच्या दारातून मोठ्या बाईंनी विचारलं.

"आली."

"क्रमांक घातलास?"

आईनं क्रमांक घातला, नेहमीच्याच अक्षरात. आता सही झाली काय आणि न झाली काय, वॉकर घरी येणार होता. तिनं फाईल कपाटात ठेवायला उचलली आणि पोरीला म्हणाली, "बस आता. चल, तुझे बूट सैल करते."

भिंगरीनं फाईल धरली आणि सोडली नाही.

"त्या बाई थांबल्यात ना," ती म्हणाली. "सही राहिलीय."

आणि फाईल पिशवीत टाकून तिनं चाकं वळवली. दाराशी जमलेली रांग दोन्ही बाजूंना सरकली, छाननीवाल्यांनी डबा पोटाशी धरला, आणि आईनं नोंदवहीत नवी ओळ सुरू केली: आवक ते साहेब, चार वाजून सत्तावन्न.